पाव, अर्धा, पाऊण: जुन्या गाडीचा कार्बोरेटर समजून घेताना

गणपतीला आठवडा उरला की आमच्या वाडीत दोन आवाज सुरू होतात. एक भजनाच्या तालमीतल्या पखवाजाचा, दुसरा किकचा. चाकरमानी येतात, जूनपासून ताडपत्रीखाली झाकलेल्या गाड्या पडवीतून खळ्यात ओढतात आणि घामाघूम होईपर्यंत किका मारतात.

मागच्या गणपतीत ही पाळी माझ्या चुलतभावाची होती. त्याची १९९३ ची बुलेट ३५० आमच्याच पडवीत असते. पंचवीस-तीस किका झाल्यावर त्याने स्क्रू-ड्रायव्हर मागितला. कार्बोरेटरच्या बाजूला जे दोन स्क्रू दिसतात ते थोडे इकडे, थोडे तिकडे फिरवले, परत किका मारल्या, परत फिरवले. संध्याकाळी आमचे मेस्त्री आले तेव्हा गाडी बंदच होती, आणि ते दोन स्क्रू मुळात कुठे होते हेही आता कुणाला सांगता येत नव्हतं.

मेस्त्रींनी गाडीला हात लावला नाही. भावाला म्हणाले, "तो स्क्रू काय रेडिओचो कान नाय रे. गाडी खय अडकता ता आधी आयक."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. कार्बोरेटरमागचं शास्त्र मला पाठ आहे, पण त्याचा उपयोग कसा करायचा ते या एका वाक्याने शिकवलं. पुढचं सगळं त्याचाच विस्तार आहे. उदाहरणं बुलेटची असली तरी येझदी, राजदूत, आरएक्स १०० यांनाही बहुतेक गोष्टी लागू पडतात.

आधी हा डबा करतो काय ते बघू. पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही. त्याचं तुषार करून हवेत मिसळावं लागतं, आणि तेही मापात: एक ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा. हवा हलकी असल्यामुळे हे प्रमाण लिटरमध्ये मांडलं की डोळे विस्फारतात. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा लागते. म्हणजे गाडी खरं तर हवेवर चालते, पेट्रोल नुसतं चवीला. आणि मीठ कमी-जास्त झालं की आमटी बिघडते, तसंच इथे. पेट्रोल जास्त झालं की मेकॅनिक 'रिच' म्हणतात, कमी पडलं की 'लीन'.

हे मिश्रण करायला पूर्वीच्या लोकांनी पंप वापरला नाही. डासांसाठी फ्लिटचा पंप ज्यांनी मारला आहे त्यांना यातली युक्ती ठाऊक आहे. दट्ट्या पुढे ढकलला की हवा एका बारीक नळीच्या तोंडावरून जोरात जाते आणि नळीतलं औषध आपोआप वर ओढलं जाऊन त्याचा फवारा होतो. कार्बोरेटरमध्ये हवा ढकलायचं काम खाली जाणारा पिस्टन करतो. तो हवा ओढून घेतो. वाटेत कार्बोरेटरचा घसा अरुंद केलेला असतो. दोन घरांमधल्या बोळात वारा वेगाने घुसतो तशी तिथे हवा वेग घेते, आणि जिथे वेग वाढतो तिथे दाब उतरतो. हे १७३८ साली बर्नोली यांनी मांडलं. दाब उतरला की खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर खेचलं जातं. वाटीत पेट्रोल सारख्याच पातळीवर राहावं म्हणून आत फ्लोट असतो. घराच्या टाकीत पाणी भरलं की बॉल वर येऊन नळ बंद होतो, अगदी तेच यंत्र, फक्त अंगठ्याएवढं.

गोम अशी की इंजिन कधी हळू ओढतं, कधी जोरात. एकाच भोकातून दोन्ही वेळेला मापात पेट्रोल मिळणं अशक्य. म्हणून कार्बोरेटरमध्ये पेट्रोलला एकाहून जास्त वाटा ठेवल्या आहेत, आणि कुठली वाट कधी चालते ते थ्रॉटल किती उघडला आहे, म्हणजे मूठ किती पिळली आहे, यावर ठरतं.

थ्रॉटल बंद असताना आणि साधारण पावापर्यंत पायलट जेटचं राज्य. हे सगळ्यात बारीक भोक, केसाहून जरा जाड. पावापासून पाऊणपर्यंत सुईचं. थ्रॉटलची केबल जो गोल तुकडा वर ओढते, ज्याला गॅरेजमध्ये कुणी स्लाइड तर कुणी पिस्टन म्हणतात, त्याच्या पोटात निमुळती सुई लटकलेली असते. स्लाइड जशी वर जाते तशी सुई आपल्या नळीतून वर सरकते, भोवतीची फट वाढते, पेट्रोल वाढतं. पाऊणच्या पुढे सुई इतकी वर आलेली असते की तिचा अडथळाच उरत नाही. मग माप ठरवतो तो तळाचा मेन जेट. पावाच्या आसपास स्लाइडच्या तळाला दिलेल्या तिरप्या कापाचाही हिस्सा असतो, पण तो काप कारखान्यातून येतो तसाच राहू द्यायचा.

हे पाव-अर्धा-पाऊण लक्षात राहिलं की निम्मं काम झालं. स्लोमध्ये, म्हणजे मूठ सोडलेली असताना, बंद पडणाऱ्या गाडीचा मेन जेट बदलून काही होत नाही, आणि पूर्ण थ्रॉटलला दमणाऱ्या गाडीचा एअर स्क्रू पिळून तर अजिबातच नाही. माझ्या भावाने फिरवलेल्या दोन स्क्रूंपैकी एक होता रेसचा, म्हणजे स्लाइडला खालून टेकू देणारा, आणि दुसरा एअर स्क्रू, म्हणजे पायलट जेटच्या वाटेतली हवा कमी-जास्त करणारा. दोघांचा अधिकार पावाच्या अलीकडेच संपतो.

चोकबद्दल एक गैरसमज जवळपास सगळ्यांचा असतो. बुलेटच्या मिक्कार्ब कार्बोरेटरवर जो खटका आहे तो हवा अडवत नाही. तो पेट्रोलची आणखी एक छोटी वाट उघडतो, आणि ती वाट थ्रॉटल बंद असेल तरच नीट ओढते. चोक लावून मूठ पिळत किक मारली तर चोक लावून न लावल्यासारखाच. जुन्या अमाल कार्बोरेटरवर तर चोकआधी एक बटण दाबायचं असतं. ते फ्लोटला खाली ढकलतं आणि वाटी काठोकाठ भरते; पेट्रोल बाहेर ओघळलं की बोट काढायचं.

आता आमच्या किनाऱ्याचं वेगळेपण. कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या नाहीतर अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, जेट पितळेचे, आणि हवा खारी. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. जेटचं पितळ तसंच कळकतं, फक्त ते कुणाला दिसत नाही. बॉडीच्या आतून पांढरी भुकटी सुटते. त्यात पेट्रोलमध्ये इथेनॉल आलं. आता पंपांवर मिळतं ते बहुतेक ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि जुलैत पडवीतल्या हवेत पाण्याला काय तोटा! एका मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये विरघळून राहतं, त्यापलीकडे इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसतात. वाटीच्या तळाशी काय असतं? मेन जेट.

भावाच्या गाडीत नेमकं हेच निघालं. मेस्त्रींनी वाटीखालचा ड्रेनचा स्क्रू सोडला आणि खाली काचेचा ग्लास धरला. आलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं. दोन मिनिटं ग्लास जोत्यावर ठेवला तर तळाशी वेगळा थर दिसायला लागला, आणि त्यात पांढरे कण, रव्यासारखे. वासही पेट्रोलचा नाही, जुन्या वार्निशचा. या द्रवावर तीस काय तीनशे किका मारल्या असत्या तरी इंजिन बोललं नसतं.

पण थांबा. वाटी उघडण्याआधी मेस्त्री आणखी दोन-तीन गोष्टी बघतात, आणि त्यांचा क्रम मला आता पटलेला आहे, कारण कार्बोरेटरच्या नावावर खपणाऱ्या तक्रारींत विजेच्या तक्रारी पुष्कळ असतात. प्लग काढून टोपीत घालायचा, धातूचा भाग इंजिनला टेकवायचा, किक मारून ठिणगी बघायची. निळसर आणि टणक आवाजाची हवी. पिवळी, मरतुकडी ठिणगी चालणार नाही. हे करताना प्लगचं भोक आणि पेट्रोल यांपासून ठिणगी लांब ठेवा. पॉइंटवाल्या गाडीत पॉइंटवर, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या टिकल्यांवर, बुरशीसारखा थर चढलेला असतो. तो बारीक पॉलिश पेपरने पुसून फट बघायची. बुलेटला ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागते. गाडी थंड असताना छान चालते आणि तापली की फटाके वाजवत बंद पडते, तर पॉइंटला जोडलेल्या कंडेन्सरवर संशय घ्या. तो कार्बोरेटरची हुबेहूब नक्कल करतो.

जुन्या बुलेटवाल्यांनी किक मारायची पद्धतही विसरू नये. हेडलाइटवरच्या अॅम्पिअर मीटरचा काटा बघत हळूहळू किक दाबायची, काटा मध्यावर आला की पॉइंट उघडले, पिस्टन जवळजवळ वर आला. मग डिकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका, दाबून पिस्टन किंचित पलीकडे न्यायचा, सोडायचा आणि मगच पूर्ण किक. नुसत्या ताकदीने मारणाऱ्याची पोटरी जाते.

दुसरी तपासणी पेट्रोलची. पाइप कार्बोरेटरवरून काढून बाटलीत सोडा, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा. धार अखंड हवी. थेंब-थेंब येत असेल तर कॉकची जाळी तुंबली.

तिसरी हवेची, आणि ही बहुतेक जण करतच नाहीत. कार्बोरेटर इंजिनला जिथे बसतो तिथलं पॅकिंग, ओरिंग किंवा रबर चिरलेलं असलं की तिथून चोरटी हवा आत शिरते आणि कुठल्याही जेटने ते भरून निघत नाही. गाडी सुरू होत असेल तर स्लोमध्ये ठेवून त्या सांध्यावर बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनचा आवाज क्षणभर बदलला तर चोर सापडला. आणखी एक खूण: मूठ सोडली तरी रेस लगेच उतरत नाही, दोन-तीन सेकंद वरच लटकून राहते. नट जास्त पिळून बसवणी वाकडी केलेले कार्बोरेटर मी बरेच पाहिले आहेत. सरळ काचेवर पॉलिश पेपर ठेवून ती बाजू हलक्या हाताने घासली की सपाट होते. त्यानंतर पिळताना दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे.

इतकं करून मगच कार्बोरेटर उतरवायचा. जागा खळ्यातली, उघड्यावरची. गणपतीचे दिवस असतात, घरात समई, निरांजन, उदबत्त्या चालू असतात. पेट्रोलने भरलेली वाटी घेऊन माजघरात जाणारा माणूस मी पाहिलेला आहे आणि परत बघायची इच्छा नाही. एक पांढरं फडकं अंथरा, म्हणजे पडलेली क्लिप सापडेल. वेगळं करताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. सुईची क्लिप कितव्या खाचेत आहे ते आधी बघून ठेवा. एअर स्क्रू काढण्यापूर्वी तो हळूच आत फिरवत टेकेपर्यंत न्या, किती फेरे झाले ते मोजा आणि लिहून ठेवा. टेकला की थांबायचं. जोर लावला तर टोक मोडून भोकात अडकतं आणि मग त्या बॉडीचं पेपरवेट होतं.

साफ करताना जेटमध्ये टाचणी, सुई, स्टीलची तार घालू नका. पितळ मऊ, स्टील कडक. भोक दिसायला साफ होतं आणि प्रत्यक्षात मोठं झालेलं असतं. विजेच्या वायरमधला तांब्याचा एखादा तंतू चालतो. आमच्या मेस्त्रींकडे याहून बरी गोष्ट आहे, बारीक तंगूस. मासे पकडायचा नायलॉन धागा जेटमधून आरपार ओवून मागेपुढे करतात. पितळेला ओरखडा नाही, आणि बंदरावर कुठेही फुकट मिळतो.

कार्बोरेटर क्लीनरचा फवारा बॉडीतल्या प्रत्येक वाटेत मारायचा आणि तो पलीकडून कुठून बाहेर येतो ते बघायचं. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण तो बहुतेक वेळा तुमच्याच तोंडावर येतो. रबराच्या सगळ्या वस्तू आणि फ्लोट आधी बाहेर काढा, नाहीतर क्लीनरने रबर फुगतं. मग पंक्चरवाल्याकडच्या हवेने उडवून घ्या.

कळकलेले जेट आमच्याकडे एकाने आमसुलाच्या पाण्यात रात्रभर ठेवले. देवाची भांडी घासतो त्याच न्यायाने जेट लखलखीत निघाले. त्या यशाच्या भरात त्याने बॉडीही त्याच पाण्यात टाकली, आणि आंबटाने तिची कड खाल्ली. पितळाला जे मानवतं ते जस्ताला मानवत नाही.

फ्लोट पितळी असेल तर कानाशी धरून हलवा. आत खळखळ ऐकू आली तर त्याला भोक आहे. तो बुडणार, पेट्रोलची पातळी वाढणार, ओव्हरफ्लो होणार. फ्लोट ठीक असूनही ओव्हरफ्लो होत असेल तर त्याच्या टोकाची छोटी झडप बघा. तिथे एक कण अडकला तरी पुरतं. बुलेट उभी करताना कॉक बंद करायची सवय लावून घ्या. झडप गळत असेल तर पेट्रोल इंजिनात उतरून ऑईल पातळ करतं; ऑईलला पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू न करता आधी ऑईल बदला.

दुरुस्ती किटबद्दल माझं मत कडक आहे. स्वस्तातल्या किटमधल्या जेटवर छापलेला आकडा आणि भोक यांचा मेळ असेलच असं नाही. जुना जेट साफ होत असेल तर तोच परत बसवा. रबरं आणि पॅकिंग मात्र नवी घ्या.

आता ट्यूनिंग. त्यासाठी गाडी दहा-एक किलोमीटर फिरून तापलेली हवी, एअर फिल्टर साफ आणि जागेवर हवा. फिल्टर काढून सेटिंग केलं आणि मग फिल्टर लावला तर सगळं परत बदलतं.

एअर स्क्रू हळूच पूर्ण आत घ्या आणि दीड फेरा बाहेर काढा. रेसचा स्क्रू जरा चढा ठेवा. मग एअर स्क्रू पाव-पाव फेरा बाहेर, नंतर आत, असा फिरवत रेस सर्वांत जास्त आणि ठोके सर्वांत एकसारखे कुठे येतात ते शोधा. प्रत्येक वेळी पाच-दहा सेकंद थांबा, इंजिनाला उत्तर द्यायला वेळ लागतो. ती जागा सापडली की रेसचा स्क्रू उतरवून स्लो हवा तितका करा, आणि हे एकदा परत. चांगली जागा साधारण एक ते दोन फेऱ्यांच्या दरम्यान सापडते. अर्ध्या फेऱ्याच्या आतच गाडी खूश होत असेल तर पायलट जेट लहान किंवा तुंबलेला, म्हणजे साफसफाई अपुरी. अडीच-तीन फेरे काढूनही सुधारतच असेल तर पायलट जेट मोठा.

स्क्रू कुठल्या बाजूला आहे हे मात्र बघा. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो: आत घेतला की हवा कमी, मिश्रण रिच. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो आणि सगळं उलटं होतं. इंटरनेटवरचं वाचून लोक इथेच फसतात.

पुढचा भाग रस्त्यावरचा. मुठीवर आणि तिच्या बाजूच्या न फिरणाऱ्या भागावर कागदी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा पेनाने खुणा करा. मग गाडी सड्यावर न्या. खाली गावात वळणं आणि माडाच्या बागा, तिथे एका थ्रॉटलला अर्धा मिनिटसुद्धा राहता येत नाही; वर कातळावरचा रस्ता सरळ आणि दुपारी मोकळा. तिसरा गिअर, थ्रॉटल एका खुणेवर स्थिर, आणि कान उघडे.

पावाच्या आत मूठ उघडताना गाडी कार्बोरेटरमधून शिंकते आणि मग उचलते, तर तिथे पेट्रोल कमी. अर्ध्यावर एकसारखी चालत नाही, जड आवाजात गडगडते, सायलेन्सरमधून काळा धूर, तर तिथे पेट्रोल जास्त. शंका असेल तर दोन सोप्या युक्त्या आहेत. चालत्या गाडीत चोक अर्धवट लावून बघा (थ्रॉटल उघडा असताना तो थोडंच पेट्रोल देतो, पण फरक कळतो): सुधारली तर लीन होती, बिघडली तर रिच. उलट तपासणी म्हणजे चालता चालता कॉक बंद करणं. वाटीतली पातळी हळूहळू उतरते, मिश्रण लीन होत जातं. बंद पडण्याआधी काही क्षण गाडी अचानक छान पळाली तर समजा एरवी पेट्रोल जास्त होतं. मागून एसटी येत नाही ना ते बघूनच हा प्रयोग करा.

अर्ध्यावरची तक्रार सुईने सुटते. सुईला बहुधा पाच खाचा असतात. क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर, म्हणजे पेट्रोल जास्त. क्लिप वर, पेट्रोल कमी. एका वेळी एकच खाच. क्लिप सगळ्यात वर नेऊनही अर्ध्यावर रिचच असेल तर सुई ज्या नळीतून जाते ती झिजून लांबट झालेली असते. तीस वर्षं सुई तिच्यात घासते आहे, काय करणार; ती जोडी बदलावी लागते.

पूर्ण थ्रॉटलला गाडी एका वेगाला जाऊन दमते आणि मूठ किंचित मागे घेतल्यावर उलट उचलते, तर मेन जेट लहान. आकडा मोठा तितकं भोक मोठं, आणि बदलायचं ते एकेक पायरीने.

शेवटी प्लग. पाऊण-पूर्ण थ्रॉटलला अर्धा-एक किलोमीटर चालवून, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा आणि प्लग काढून बघा, हातमोजा घालून. काजळीसारखा काळा म्हणजे रिच, खडूसारखा पांढरा म्हणजे लीन, आणि चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या जवळचा रंग म्हणजे ठीक. शिशाच्या पेट्रोलच्या काळात हा रंग ठळक यायचा. हल्ली फिकटच येतो, त्यामुळे केवळ प्लगवर भिस्त ठेवू नये.

लीन गाडी जास्त तापते हे सगळ्यांनाच लागू, पण टू-स्ट्रोकवाल्यांनी विशेष जपावं. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळलेल्या गाडीत पेट्रोल कमी म्हणजे ऑईलही कमी. येझदी जाम होते ती अशीच.

ई२० चा हिशोब इथे येतो. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे १४.७ चा आकडा ई२० साठी साडेतेराच्या आसपास उतरतो. साध्या पेट्रोलवर बेतलेला जुना जेट आजच्या पेट्रोलवर सात-आठ टक्के लीन पडतो. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हे सांभाळतो. एप्रिल २०२० च्या बीएस-६ नियमांनंतर बुलेटसुद्धा फ्युएल इंजेक्शनवर गेली. जुनीला तुम्हीच सांभाळायचं. सुईची एक खाच किंवा मेन जेटची एक पायरी बहुधा पुरते.

दमट हवा आणि घाट मात्र उलट ओढतात. भर पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या हवेत तीन-साडेतीन टक्के जागा नुसत्या वाफेने अडवलेली असते, तितका प्राणवायू कमी. आंबोली सुमारे ६९० मीटरवर; तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा सहा-सात टक्के विरळ. त्यामुळे खाली चोख लावलेली गाडी वर किंचित रिच होते, जरा मंद वाटते. त्यासाठी घाटात स्क्रू-ड्रायव्हर काढू नका. खाली उतरल्यावर ती आपोआप ताळ्यावर येते.

भावाच्या गाडीची गोष्ट अजून संपली नव्हती. साफसफाईनंतर दुसऱ्या किकला सुरू झाली, स्लो सुंदर. तो आनंदाने बाजारात गेला आणि दोन किलोमीटरवर बंद. पाच मिनिटं थांबून किक मारली, सुरू. परत दोन किलोमीटर, परत बंद. फोनवर मला म्हणाला, कार्बोरेटरच नवीन घेऊ या. मी मेस्त्रींना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "बंद पडल्यार टाकीचा झाकण उघडून बघितल्यान?"

नव्हतं बघितलं. पुढच्या वेळी बंद पडल्यावर उघडलं तर फुस्स असा आवाज आला. झाकणाच्या हवेच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. पेट्रोल खाली उतरतं तशी वरून हवा आत यायला हवी. ती येत नव्हती, टाकीत निर्वात होऊन धार आटत होती. थांबलं की हळूहळू झिरपून वाटी परत भरायची. माती टाचणीने कोरून काढली. या एका ठिकाणी टाचणी चालते.

हे सगळं टाळायचं तर काम जूनच्या पहिल्या आठवड्यातलं आहे. टाकी गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही आणि पत्र्याला गंज धरत नाही. कॉक बंद करून ड्रेनच्या स्क्रूने वाटी पूर्ण रिकामी करा. नुसती गाडी बंद पडेपर्यंत चालवली तर तळाशी थोडं उरतंच. बॅटरीची वायर सोडा. प्लग काढून चमचाभर इंजिन ऑईल आत, दोन-तीनदा हलकी किक, प्लग परत. कार्बोरेटरच्या हवेच्या नळ्यांच्या तोंडाला आणि टाकीच्या झाकणाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा रबराने बांधा. एअर स्क्रूचे फेरे, क्लिपची खाच आणि जेटचे आकडे चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी हँडलला बांधा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबायची, पण लाल, लांबून दिसेल अशी. भावाने यंदा काळी कोंबली होती. यंदाच्या पहिल्या पंधरा किका त्या चिंधीच्या.